जाजो, खाजो, फोन करजो

मराठीत पायी चालण्यावर लिहिलेली पुस्तकं एका फळीवर लावली, तर फळी बऱ्यापैकी भरते. वारीची पुस्तकं आहेत, गडकिल्ल्यांची आहेत, आणि गेल्या वीसेक वर्षांत नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांचा तर वेगळा खण करावा लागेल इतकी ती झाली आहेत. या पुस्तकांत पायाचे फोड असतात, धर्मशाळा असतात, रात्री उशिरा भाकरी देणारी अनोळखी म्हातारी असते. पण एक पान त्यांत बहुतेक वेळा बारीक असतं, निघण्याआधीचं. घरात काय बोलणं झालं, कोण रुसलं, कोणी काय बांधून दिलं, कोणी 'डोकं फिरलं का' म्हटलं, हे लेखक दोन-चार ओळींत उरकतो आणि वाटेला लागतो. जणू घर म्हणजे बसस्टँड. तिथून गाडी सुटते, एवढाच त्याचा उपयोग.

माझं म्हणणं असं की हे पान गाळल्यामुळे पुस्तकाचं नुकसान होतं. आणि ज्या एका जुन्या मराठी पुस्तकानं ते गाळलं नाही, ते पुस्तक आजही त्यामुळेच वेगळं वाचलं जातं.

मी हे का सांगतोय तेही सांगतो. मी कुहीचा. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. काम सॉफ्टवेअरचं, वय अठ्ठावीस. येत्या कार्तिकात नर्मदा परिक्रमेला पायी निघायचं ठरवलंय. गेले चार महिने माझ्याकडे दोन प्रकारचा मजकूर येतो आहे. रात्री पुस्तकं, दिवसभर सल्ले. दोन्ही एकाच विषयावर आहेत आणि दोन्हीत मला 'असं कर, तसं करू नको' सांगितलेलं असतं. एकाला आपण साहित्य म्हणतो, दुसऱ्याला कटकट. हा फरक कितपत खरा आहे, ते तपासायचा हा प्रयत्न.

*

आधी ते जुनं पुस्तक. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. १८५७ चं बंड डोळ्यांनी पाहिलेल्या एका मराठी भिक्षुकाचं हे लेखन म्हणून ते प्रसिद्ध आहे, आणि झाशीच्या वेढ्याच्या प्रकरणांसाठी ते बहुतेक जण उघडतात. लेखक कोकणातल्या वरसईचे, पेणजवळचे. घरात गरिबी आणि कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, ब्राह्मणांना दक्षिणा मिळणार, अशी बातमी कानावर येते, आणि तिशीतला हा माणूस चुलत्यांबरोबर पायी उत्तरेला जायचं ठरवतो. साल १८५७ चं, महिने सुरुवातीचे. पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही.

या पुस्तकात निघण्याआधीचं घर आहे. वडिलांचं मन होत नाही. वाट लांबची, मुलखाची माहिती नाही. आणि भीती कशाची? तिकडे लोक भांग पितात, तरुण माणूस तिकडच्या मोहात सापडला की परत येत नाही, याची. चुलते बरोबर आहेत म्हणून आणि कर्ज फिटेल या आशेवर शेवटी होकार मिळतो.

आता हा सल्ला माहिती म्हणून तपासा. शंभर टक्के चुकीचा. विष्णुभटांच्या जिवावर जे आलं ते भांगेनं नाही. ते आलं तोफांनी, लुटीनं, झाशीत शिरलेल्या गोऱ्या शिपायांनी. याबद्दल वरसईत कोणीही एक शब्द बोललेलं नव्हतं, बोलू शकत नव्हतं. उलट खरी माहिती मिळाली ती वाटेत. महूजवळ पलटणीतल्या शिपायांनी सांगितलं की थोड्या दिवसांत मोठी गडबड होणार आहे, मागे फिरा. म्हणजे घरच्यांनी नको त्या गोष्टीची भीती घातली आणि अनोळखी माणसांनी नेमकी घातली. काका-पुतणे दोन्ही ऐकून पुढेच गेले.

गंमत पुढे आहे. हे लेखन विष्णुभटांनी प्रवासानंतर पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या आसपास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून केलं. वैद्यांनी ते आपल्या हातानं बदलून, सरकारची भीती बाळगून, १९०७ साली छापलं. लेखक तोवर गेलेले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. तर लिहिताना विष्णुभट पन्नाशी ओलांडलेले होते, झाशी जळताना पाहून आलेले होते. भांगेची ती भीती किती पोरकट होती हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल? तरीही त्यांनी ती लिहिली. तिच्यावर हसले नाहीत, 'बघा, घरच्यांना काही कळत नव्हतं' असं सुचवलंही नाही. यज्ञाची बातमी, कर्ज, वडिलांची नाखुशी, भांग, चुलते हे सगळं त्यांच्या हिशेबात एकाच ओळीत आहे.

मला वाटतं, त्यांना एक गोष्ट कळली होती. घरचा सल्ला वाटेबद्दल काही सांगत नाही. तो घराबद्दल सांगतो. वरसईच्या त्या घराला उत्तर हिंदुस्थान माहीत नव्हता, पण आपला मुलगा माहीत होता, आणि मुलगा परत न येणं म्हणजे काय तेही माहीत होतं. 'भांग' हा शब्द त्या न परतण्याला मिळालेलं जवळचं नाव होतं. तो सल्ला जसाच्या तसा ठेवल्यामुळे पुढच्या साऱ्या प्रवासात, लुटीत, उपाशी रात्रींत, वरसईचं घर वाचकाच्या डोक्यात जागं राहतं. पुस्तकाच्या शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर आणून विष्णुभट आईवडिलांना स्नान घालतात, तेव्हा तो प्रसंग आपल्याला भिडतो, कारण सुरुवातीचं पान आपण वाचलेलं असतं. ते पान काढा, कावड नुसती धार्मिक होईल.

*

माझ्या कामात बग रिपोर्ट नावाचा प्रकार असतो. कोणीतरी कळवतं की तुमचं ॲप बंद पडतंय. नवखा इंजिनियर लगेच ॲपमध्ये शिरतो. जुना माणूस आधी विचारतो, फोन कुठला, व्हर्जन कुठलं, नेटवर्क कुठलं? कारण रिपोर्टमध्ये जितकं ॲप असतं तितकंच तो पाठवणाऱ्याचं यंत्र असतं. घरचे सल्ले मी तसे वाचायला लागलोय.

आजी म्हणते, इतवारीपर्यंत छोट्या लाइनीनं जाजो, बसनं मळमळते. छोटी लाइन, म्हणजे नागपूर-नागभीडची नॅरोगेज, २०१९ सालीच बंद झाली. आजीच्या यंत्रात ती अजून चालू आहे. बाबा म्हणतात, नोकरीला पाच वर्षं होऊ दे, ग्रॅच्युइटी बुडवू नको. त्यांच्या यंत्रात पगार ही एकदा आलेली आणि पुन्हा न येणारी गोष्ट आहे, आणि धानाच्या भावावर घर चालवलेल्या माणसाला ते तसं दिसणारच. मामा म्हणतो, परिक्रमा बसनंही होते, पंधरा-वीस दिवसांत, पुण्य तेवढंच. मामाच्या यंत्रात वेळ ही सगळ्यांत महाग वस्तू आहे. पुण्याचा मित्र बूट एक नंबर मोठे घ्यायला सांगतो, सूज येते म्हणून. हा सल्ला वाटेबद्दल आहे आणि बरोबर आहे. म्हणूनच त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आणि आई. आई भूतकाळ सांगत नाही, हिशेब सांगत नाही. तिचे सल्ले फक्त क्रियापदांचे आहेत. वेळेवर खाजो. थंडी वाजली तं कानाले बांधजो. कोणाशी भांडू नोको. गाव आलं का फोन करजो.

इथे मला व्याकरणाकडे वळावंसं वाटतं. नागपूर-भंडाऱ्याकडच्या आमच्या बोलीत हा 'जो' आहे. जाजो, खाजो, राहजो, करजो. पुस्तकी मराठीत आज्ञा करायची तर 'जा', 'खा', 'कर'. ते आत्ता, समोर. 'जो' आत्ताचा नाही. तो नंतर करायच्या गोष्टीसाठी आहे. 'पाणी पी' म्हणजे हा घे पेला. 'पाणी पिजो' म्हणजे पुढे कधीतरी, तहान लागेल तेव्हा. बहुतेक वेळा तेव्हा सांगणारा माणूस तिथे नसतो. गुजरातीत निरोप घेताना 'आवजो' म्हणतात, तो याच्याच नात्यातला. हिंदीत 'जाइयो', 'रहियो' आहे. पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेला हे एका प्रत्ययात जमत नाही. तिला 'जाशील ना', 'करत जा', 'विसरू नकोस' अशी जुळवाजुळव करावी लागते.

म्हणजे आमच्या बोलीनं अनुपस्थितीसाठी एक वेगळं क्रियारूप ठेवलं आहे. मी नसेन तिथे तू असं कर, हे सगळं दोन अक्षरांत. सल्ला हा शब्द मला त्यासाठी अपुरा वाटतो. 'वेळेवर खाजो' यात माहिती शून्य आहे. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला जेवण वेळेवर घ्यावं हे कळतं. त्या वाक्याचं काम वेगळं आहे. जिथे आपण जाऊ शकत नाही तिथे आपलं एक क्रियापद पाठवून ठेवणं.

*

आता फळीवरची बाकीची पुस्तकं.

मराठीतला पायी फिरण्याविषयीचा सगळ्यांत जुना लेखी सल्ला शोधायचा तर तेराव्या शतकात जावं लागतं. चक्रधरस्वामींनी शिष्यांना फिरत राहायला सांगितलं आणि कुठे जाऊ नये तेही सांगितलं. कानडी आणि तेलुगू मुलखांत जाऊ नका, महाराष्ट्रात राहा, ही महानुभावांच्या सूत्रपाठातली आज्ञा प्रसिद्ध आहे. कारण दिलंय ते असं की त्या देशांत विषयभोग फार आणि संन्याशाला मान फार. वाटेत वाघ आहेत असं नाही, वाटेत मोह आहे म्हणून. सहाशे वर्षांनी वरसईचं घर भांगेबद्दल बोलतं तेव्हा ते नकळत हीच भीती बोलतं. आपल्याकडे लांब जाणाऱ्याला मरणाची भीती कमी घातली जाते आणि बदलण्याची जास्त. तू परत येशील, पण तूच येशील का? हा प्रश्न जुन्या साऱ्या सल्ल्यांच्या तळाशी आहे.

विसाव्या शतकात मात्र चालणाऱ्या माणसाचं चित्र बदललं. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' १९५७ ची. नर्मदेच्या काठानं फिरणाऱ्या माणसाची ही कथा मराठी वाचकाच्या मनात परिक्रमेचं पहिलं चित्र रुजवून गेली. दांडेकर आमच्या विदर्भातले, परतवाड्याला जन्मलेले, आणि तेराव्या वर्षी स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीनं घर आणि शाळा सोडून निघालेले. पुस्तकाचं नावच बघा, 'कुणा एकाची'. नाव नाही, गाव नाही, मागे कोणी हाक मारणारं नाही. या नावात मोठी मोकळीक आहे, आणि तरुण वयात हे पुस्तक वाचताना छाती भरून येते ती त्याच मोकळिकीनं. पण 'कुणा एकाला' 'खाजो' कोण म्हणणार? ज्याला नाव नाही त्याला सल्ला देता येत नाही. निघण्याआधीचं पान बारीक होण्याची सुरुवात मला या सुंदर पुस्तकात दिसते.

वारीच्या लेखनाचं वेगळं. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख ('परिपूर्ती', १९४९) आणि दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी' (१९६४) ही दोन्ही माझी आवडती. पण वारीत घर मागे राहतच नाही, अर्धं गाव बरोबर चालत असतं. इरावतीबाईंची अस्वस्थता दिंडीतल्या जातीजातींच्या वेगळ्या पंगतींबद्दल आहे. वाटेवरच्या समाजाकडे त्यांची नजर आहे, आणि तिथे ती असायलाच हवी.

मग नर्मदेचा खण. जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून किती मराठी माणसं काठी घेऊन निघाली असतील याचा हिशेब नाही. भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' हे दुसरं आवडतं. परिक्रमेनंतर त्या त्याच काठावर राहिल्या आणि तिथल्या मुलांसाठी शाळा काढली. ही दोन्ही पुस्तकं मी आदरानं वाचली. माझी तक्रार त्यांच्यामागून आलेल्या पुस्तकांच्या रांगेबद्दल आहे. त्यांत एक साचा तयार झाला. घरच्यांनी विरोध केला, पण नर्मदामैयाचं बोलावणं आलं होतं, त्यामुळे निघालो. या एका वाक्यात घर निकालात निघतं. विरोध करणारे अज्ञानी, निघणारा निवडलेला. पुढे तीन हजार किलोमीटरच्या आसपासची वाट, भेटलेले सगळे देवमाणूस, आणि मागे राहिलेली सगळी माणसं पुस्तकाबाहेर.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत शेरिल स्ट्रेड यांचं 'वाइल्ड' (२०१२) फार गाजलं. त्या १९९५ साली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर एकट्या चालल्या. आई चार वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, गेलेली. अवजड पाठपिशवीला त्यांनी 'मॉन्स्टर' नाव दिलं होतं. सामानाबद्दल टोकणारं कोणी उरलं नव्हतं, आणि त्या पुस्तकाचं सगळं दुःख मला त्या न मिळालेल्या टोकण्यात दिसतं. दुसरीकडे एमा गेटवूड. अकरा मुलांची आई, सदुसष्ट वर्षांची. १९५५ साली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब वाट एकटीनं पार करणारी पहिली बाई. निघताना मुलांना म्हणाली, जरा फिरायला जाते. पूर्ण खरं सांगितलं असतं तर सल्ले आले असते, आणि सल्ल्यांचं ओझं तिला पाठीवरच्या झोळीपेक्षा जड वाटलं असणार.

*

गेटवूडबाईंकडे आल्यावर मला माझ्याच बाजूविरुद्ध बोलावं लागतं. घरच्या सल्ल्याचं मी एवढं गुणगान करतोय, ते मी मुलगा आहे म्हणून सोपं आहे का?

माझी मामेबहीण माझ्याच वयाची, नागपूरच्या एका कॉलेजात शिकवते. तिला सह्याद्रीत चार दिवसांचा ट्रेक करायचा होता. तिला घरून एकही 'जो' मिळाला नाही. तिला मिळालं 'कायले?' कायले जातं? कोण कोण आहे? कुठी राहणार? लोकं काय म्हणतीन? माझ्या सल्ल्यांत जाणं गृहीत धरलेलं आहे. तिच्यात ते नाही. 'जाजो' हे रूप वापरायला आधी समोरच्याचं जाणं मान्य करावं लागतं. त्यामुळे कोणत्या घरात कोणाला 'जो' मिळतो आणि कोणाला 'कायले', यावरून त्या घराचा नकाशा काढता येतो. ती अखेर गेली नाही. आईनं मनाई केली नव्हती, पण प्रश्नांची उत्तरं देऊन ती दमली.

म्हणून सल्ला म्हणजे प्रेमच, असं मी म्हणणार नाही. सल्ल्यात मालकी असते. तो कधी दोरी असतो, कधी शिदोरी, आणि बरेचदा एकाच गाठोड्यात दोन्ही. पण हा मुद्दा माझी मूळ तक्रार आणखी घट्ट करतो. निघण्याआधीचं पान लिहिलं गेलं नाही तर ही मामेबहीणही साहित्याबाहेर राहते. वाटेवरच्या पुस्तकांत फक्त निघालेले लोक असतात. जे उंबऱ्यावरच थांबले त्यांची गोष्ट फक्त त्या एका पानावर मावू शकते. आणि एखादी बाई परिक्रमा करून येते तेव्हा तिच्या चालण्याचं खरं मोल मला तेव्हाच कळेल, जेव्हा तिला आधी किती 'कायले' ओलांडावे लागले हे ती लिहील.

*

आमच्या भागात लांब चालत जाणं नवीन नाही. महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला जाणारे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, विदर्भातल्या गावागावांतून निघत आले. नागद्वारला आजही हजारो जातात. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांत अनुभवी माणसंही आहेत. आमच्या गल्लीतले एक आजोबा तरुणपणी पोह्याबरोबर गेलेले. त्यांचं मूळ गाव गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलं. वैनगंगेवरच्या त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि पाणी फुगत गेलं तसं कुही तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांना उठावं लागलं. आंभोऱ्याला, जिथे नद्यांचा संगम आहे आणि जिथे मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' लिहिल्याचं परंपरेनं मानतात, आता दूरवर पाणीच पाणी दिसतं आणि त्यावर केबलनं तोललेला मोठा पूल उभा आहे.

या आजोबांनी मला दिलेला सल्ला असा होता : "वाट इचारशीन तं म्हाताऱ्याले इचारू नोको. तो जुनी सांगन. बकऱ्या चारणाऱ्या पोट्ट्याले इचारजो."

मी पुस्तकांकडे पुन्हा वळलो ते या वाक्यामुळे. परिक्रमेच्या जुन्या वर्णनांत शूलपाणीची झाडी असते. घनदाट जंगल, यात्रेकरूंना लुटणारे भिल्ल, अंगावरचं वस्त्रही न उरणं, आणि त्यातून येणारी निर्मोही अवस्था. प्रत्येक लेखक त्या झाडीबद्दल बजावतो. पण सरदार सरोवर धरण २०१७ साली लोकार्पण झालं, २०१९ मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं, आणि त्या काठची जुनी पायवाट, जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ, नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी गावं पाण्यात गेली. आज त्या भागात परिक्रमावासी वरच्या डोंगरांतून आणि डांबरी रस्त्यांनी जातात. ज्यांना पुस्तकांत 'लुटणारे' म्हटलं, त्या आदिवासींचं तर सगळं गावच गेलं. कोण कोणाला लुटतं, हा प्रश्न जुन्या पानांवर नव्हता. आता तो विचारल्याशिवाय ती पानं वाचता येत नाहीत.

म्हणजे पुस्तकंही आजीच्या छोट्या लाइनीसारखीच आहेत. प्रेमानं, पूर्ण खात्रीनं, आता नसलेल्या वाटेबद्दल सांगणारी. पण दोघांशी आपलं वागणं बघा. पुस्तकातल्या चुकीच्या पत्त्याखाली आपण पेन्सिलनं रेघ ओढतो, स्टोरीला टाकतो. आजीच्या चुकीच्या पत्त्यावर हसतो आणि फॅमिली ग्रुप म्यूट करतो. दोघांच्या माहितीची किंमत सारखीच, पण एकाचा बाइंडिंग केलेला आणि दुसरा उंबऱ्यात उभा राहून तंबाखू मळत दिलेला. साहित्याचा वाचक म्हणून मला हा पंक्तिभेद मान्य नाही. पुस्तक माहितीसाठी वाचत नाही असं आपण म्हणतो ना? मग आजीचं वाक्यही त्याच नियमानं वाचायला हवं.

*

नर्मदा परिक्रमेचा नियम साधा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, फक्त समुद्राशी होडीनं पलीकडच्या काठाला जायचं. चातुर्मासात एका जागी थांबायचं. या नियमामुळे चालणारा जिथून निघाला तिथेच परत येतो. पंढरपूर आहे तसं तिथे शेवटचं ठिकाण नाही. जिथून निघालो तेच ठिकाण. इतक्या साध्या रचनेची यात्रा ज्यांच्या हातात आहे, त्या लेखकांनी निघण्याचं ठिकाण इतकं दुर्लक्षित ठेवावं, हे मला कोडं आहे. काठावरचं निघण्याचं गाव पुस्तकात नीट असतं. त्याच्याही आधीचं, खरं निघण्याचं ठिकाण नसतं.

विष्णुभट कर्ज फेडायला गेले होते. मिळालेला पैसा वाटेत पुन्हापुन्हा लुटला गेला. ज्या कामासाठी घरानं नाखुशीनं होकार दिला ते काम फारसं साधलं नाही. तरी ते पुस्तक अपयशाचं वाटत नाही, कारण जाण्याचा हिशेब त्यांनी घराशी ठेवला होता, आणि घराला त्या हिशेबात बोलू दिलं होतं. अडीच-तीन वर्षं वरसईत त्यांची वाट बघणाऱ्यांनी काय सोसलं ते पुस्तकात फार नाही. पण ती माणसं तिथे होती, हे आपल्याला पहिल्याच प्रकरणापासून माहीत असतं. वाचक म्हणून मला एवढं पुरतं.

पुढचं परिक्रमेचं मराठी पुस्तक कोणीही लिहो, त्याच्याकडून माझी मागणी छोटी आहे. मैयाचं बोलावणं आलं असेल तर ते लिहा. पण त्याच पानावर हेही लिहा की त्या दिवशी घरात कोण जेवलं नाही. ईएमआय कोण भरणार होतं. दोन महिन्यांनी आईचे डोळे तपासायला कोण नेणार होतं. बहिणीला कोणी 'जाजो' म्हटलं का. चुकीचे सल्ले चुकीचेच ठेवा, दुरुस्त करू नका, त्यांच्यावर विनोदही करू नका. वाचक शहाणा असतो, भांग आणि तोफ यांतला फरक त्याला कळतो.

माझ्याकडचे सल्ले मी एका फाइलमध्ये टाइप करून ठेवतोय. तारीख, बोलणाऱ्याचं नातं, वाक्य जसंच्या तसं, बोलीसकट. बूट आणि पॉवरबँक वगळता उपयोगी म्हणावं असं त्यांत फार कमी आहे, आणि फाइल रोज वाढते आहे. 'तुझं बरोबर आहे' किंवा 'मला माहीत आहे' ही उत्तरं यांतल्या एकाही वाक्याला लागू पडत नाहीत, कारण ती वाक्यं माहिती सांगतच नव्हती. आमच्याकडे 'जो'ला उत्तर ठरलेलं आहे. समोरचा म्हणतो, गाव आलं का फोन करजो. आणि आपण, तिथे नेटवर्क असेल की नाही याचा विचार न करता, म्हणायचं, "हव."